माठासारखी कुंडी

मार्च सरत आला की नागपुरात रस्त्याच्या कडेला माठ मांडलेले दिसू लागतात. घेणारा माठ उचलतो, बोटांनी वाजवून बघतो, उन्हाकडे धरून चीर शोधतो आणि विचारतो, "पाझरतो ना?" गळका माठ कुणाला नको असतो, पण अजिबात न पाझरणारा माठही बिनकामाचा. अंगाला घाम फुटला तरच आतलं पाणी गार होणार. हाच माणूस पुढे नर्सरीत शिरतो आणि कुंडी घेताना नेमकं उलट विचारतो, "स्लॅबवर पाण्याचे डाग तर नाही पडणार?" मग चकचकीत प्लॅस्टिकची कुंडी गाडीच्या हुकाला अडकवून घरी येते.

माठाबद्दल जे शहाणपण आपल्या हाडीमाशी आहे, ते कुंडीपाशी येऊन कुठे जातं कोण जाणे. कुंडीच्या भिंतीनेही माठासारखा श्वास घ्यायला हवा. तशी कापडी किंवा मातीची कुंडी कशी निवडायची आणि कशी सांभाळायची, ते इथे सांगतो.

मुळांना पाणी लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. मुळांना हवा लागते हे फारसं कुणाच्या ध्यानात राहत नाही. पानं अन्न तयार करतात, पण ते वापरून वाढायचं आणि क्षार आत ओढायचे तर मुळाच्या प्रत्येक पेशीला प्राणवायू हवा, आणि तो तिथेच, मातीच्या कणांमधल्या पोकळीतून मिळायला हवा. भंडारा-गोंदियाचं धान बांधीतल्या पाण्यात तीन महिने पाय बुडवून उभं राहतं, कारण त्याच्या खोडातून मुळापर्यंत हवेच्या नळ्या असतात. टोमॅटो, वांगं, मिरची, संत्रा यांच्यापाशी तशी सोय नाही. पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. मातीतल्या पोकळ्या दोन-तीन दिवस पाण्याने भरून राहिल्या की मुळं गुदमरतात, आणि गंमत म्हणजे वरून झाड तहानल्यासारखं सुकतं. मग आपण आणखी पाणी घालतो. कुंडीतली बरीच झाडं अशी प्रेमाने मरतात.

यात नागपूरची काळी माती भर घालते. कापसाच्या शेतात तिच्यासारखी माती नाही, पण कुंडीत ती दोन्ही बाजूंनी फसवते. ओली झाली की फुगते आणि सगळ्या पोकळ्या बुजवते. वाळली की आकसते आणि कुंडीच्या भिंतीपासून बोटभर सुटते. मे महिन्यात अशा कुंडीत तांब्याभर पाणी ओता, दहा सेकंदांत खालच्या भोकातून बाहेर. आपल्याला वाटतं पाणी भरपूर झालं. आतला गोळा मात्र कोरडा ठणठणीत असतो.

आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी, ती भांडी घासायच्या स्पंजवर कळते. स्पंज पाण्यात पूर्ण बुडवा, बाहेर काढून तळहातावर आडवा धरा. टपकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी टपकायला लागेल. कोणत्याही कुंडीच्या तळाशी असा एक थर असतो, ज्यातलं पाणी भोक असूनही आपोआप खाली पडत नाही. त्याची उंची मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून तळाला खडी किंवा विटांचे तुकडे भरायची जुनी रीत उपयोगाची नाही. खडी भरली की तो ओला थर तितकाच राहून उलट वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. भोकावर एक खापरी पुरे, तीही माती वाहून जाऊ नये म्हणून.

दोन वर्षं प्लॅस्टिकच्या कुंडीत राहिलेलं झाड उलटं करून बाहेर काढलं की सारं समोर दिसतं. कुंडीच्याच आकाराचा गोळा हातात येतो. बाहेरून तपकिरी मुळांची जाळी, खाली तळाशी सुंभ गुंडाळावा तसे चार-पाच वेढे. आत बोट खुपसा, मधली माती जवळजवळ मुळांशिवाय. मूळ सरळ निघालं, गुळगुळीत भिंतीला टेकलं, वळलं आणि भिंतीच्या कडेकडेने फिरत राहिलं. जाड झाल्यावर हेच वेढे एकमेकांना आणि पुढे खोडालाही आवळतात.

कुंडी कापडाची असेल आणि भिंतीतून हवा येत असेल तर चित्र बदलतं. मुळाचं पांढरं, ओलसर टोक कापडाच्या भिंतीशी येतं, त्याला कोरडी हवा लागते आणि ते सुकतं. टोक मेलं की त्याच्या मागून बाजूची मुळं फुटतात. तीही भिंतीपर्यंत जातात, तीही सुकतात, त्यांच्यामागे आणखी फुटतात. शेंडा खुडल्यावर झाड जसं बगलेतून फुटतं, तसंच हे जमिनीखाली. अमेरिकेत ओक्लाहोमाच्या कार्ल व्हिटकॉम्ब यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी दुधाच्या खोक्यांचे तळ कापून, ती जाळीवर ठेवून रोपं वाढवली, तेव्हापासून हा विचार शिस्तीने पुढे गेला. अशा झाडाचा गोळा उघडला तर वेढे नसतात. मधोमध केसांसारखी बारीक मुळं दाट भरलेली असतात, आणि पाणी-अन्न ओढायचं खरं काम तीच करतात.

कापडी कुंड्यांचा गाजावाजा पश्चिमेकडे केला तो बराचसा घरी गांजा लावणाऱ्यांनी. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं लावायला परवानगी आहे. चारच झाडं म्हटल्यावर प्रत्येक मुळाचा हिशेब ठेवायला त्यांना सवड आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय ते झाड लावणं १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे तो विषय तिथेच सोडू. वांग्याच्या मुळाला हवेची गरज काही कमी नसते.

आता बाजार. नागपुरात 'ग्रो बॅग' मागितली की बहुतेक ठिकाणी हिरवी, ताडपत्रीसारखी पिशवी पुढे येते. ती एचडीपीई नावाच्या चिवट प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची विणलेली असते आणि विणीवर प्लॅस्टिकचा थर असतो. मजबूत असते, उन्हात चार-पाच वर्षं टिकते, पण श्वास घेत नाही. ती म्हणजे घडी घालता येणारी प्लॅस्टिकची कुंडी. खरी श्वास घेणारी पिशवी फेल्टची असते, न विणलेल्या जाड कापडाची, घोंगडीसारखी. दुकानातच ओळखायचं तर पिशवी तोंडाला लावून जोरात फुंका. पलीकडे हाताला वारा लागला तर ती श्वास घेते. घरी आणल्यावर आत ग्लासभर पाणी ओता. थोड्या वेळात बाहेरचं कापड ओलं झालं पाहिजे.

फेल्टमध्येही फरक असतो. २५० ते ३०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम भरणारं कापड घ्यावं. दीडशेच्या आतलं कापड भरल्यावर पोट सुटल्यासारखं फुगतं आणि वाकडं होतं. उन्हापासून संरक्षणाची प्रक्रिया केली आहे का, हे विचारून घ्या. नसेल तर नागपूरच्या दोन उन्हाळ्यांत वरची कड पापडासारखी तुटायला लागते. शिवण दुहेरी असावी. आणि हँडल असलं तरी ओली पिशवी हँडलला धरून उचलू नका, शिवण आधी तिथेच उसवते. खालून फळी सरकवून दोघांनी उचलावी.

मातीची कुंडी ही या सगळ्यांची आजी. भाजलेली, बिनरंगाची माती श्वास घेतेच. ती नवीन आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे येतात ते तिच्या छिद्रांतून निघणाऱ्या हवेचे. कोरडीच वापरली तर पहिले दोन-तीन दिवस रोपाच्या वाट्याचं पाणी तीच पिऊन टाकते. पण दिवाळी आली की आपण तिला ऑइलपेंट फासतो, वर पांढरी नक्षी काढतो आणि तिची सगळी छिद्रं बुजवतो. गेरू लावा, तो चालतो. सिमेंटच्या वृंदावनात तुळस का टिकत नाही, असं दर उन्हाळ्यात विचारणाऱ्यांनी दुपारी तीन वाजता त्या वृंदावनाला हात लावून बघावा.

फुकटात जमणारं साधन म्हणजे फळांचं प्लॅस्टिक क्रेट. कळमन्याच्या बाजारात संत्रा याच जाळीदार क्रेटांतून फिरतो. साधारण ५४ बाय ३६ सेंटिमीटरचं, २९ सेंटिमीटर उंचीचं क्रेट घ्या, आतून हिरव्या शेडनेटचे दोन पदर लावा, कडा वर दुमडून तारेने बांधा. पन्नास लिटरच्या आसपास जागा मिळते, चारही बाजूंनी हवा, आणि उचलायला मुठी आयत्या. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, मुळा यांना याहून चांगलं काही नाही. गोणपाट श्वास घेतं, पण एका पावसाळ्यात कुजतं. एका हंगामाची काकडी काढायची असेल तर तेही चालेल. बुरडाकडचं बांबूचं टोपलं दिसायला सुरेख, पण माती भरून पाणी घातलं की दीड-दोन वर्षांत तळ सोडतं.

इथवर सगळं श्वासाच्या बाजूचं झालं. नागपुरात या श्वासाची किंमत पाण्यात द्यावी लागते, आणि तो हिशेब कुणी सांगत नाही. पंधरा इंच व्यास आणि पंधरा इंच उंचीची पिशवी घ्या. वरचं तोंड साधारण ०.११ चौरस मीटर, भिंत ०.४५ चौरस मीटर. म्हणजे भिंत तोंडाच्या चौपट. प्लॅस्टिकच्या कुंडीत पाणी फक्त तोंडातून उडतं, इथे पाचपट जागेतून उडतं. एक चौरस मीटर ओल्या जागेवरून एक मिलिमीटर पाणी उडालं म्हणजे एक लिटर गेलं. मे महिन्याच्या लूमध्ये दिवसाला दहा मिलिमीटर म्हणजे काही विशेष नाही. भिंत दिवसभर ओली राहिली तर नुसत्या भिंतीतून साडेचार लिटर जातील. प्रत्यक्षात ती मधेच वाळते, म्हणून कमी जातात. पण भिंत वाळली म्हणजेच तिच्या आतली दोन इंच मातीही वाळली, आणि सगळी कोवळी मुळं नेमकी तिथेच असतात.

म्हणून माठाचा नियम इथे तसाच्या तसा लागू होतो. ओला असेपर्यंत गार, कोरडा पडला की भट्टी. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत पश्चिमेकडची माती दुपारी ४५ अंशांच्या पुढे सहज जाते. बहुतेक भाज्यांची मुळं ३५ च्या वर सुस्तावतात आणि चाळिशीच्या पुढे कोवळी टोकं मरायला लागतात. ओल्या फेल्टची पिशवी तेवढ्याच उन्हात बरीच गार राहते, कूलरची घास ज्या कारणाने गार राहते त्याच कारणाने. आणि कूलर जसा जुलैत नुसता चिकचिक करतो, तशी पिशवीही पावसाळ्यात गार करत नाही. तेव्हा तिचा उपयोग वेगळा: दोन दिवस झड लागली तरी मुळांपाशी हवा पोचत राहते.

यावरून दोन निर्णय निघतात. पाच लिटरच्या आतली कापडी कुंडी नागपूरच्या उन्हाळ्यात घेऊच नका, दुपारपर्यंत ती वाळून खडखडीत होते. आणि मे महिन्यात आठ-दहा दिवस गावी जाणारं घर असेल, पाणी घालणारं कुणी नसेल, तर सरळ हिरवी एचडीपीईची पिशवी घ्या. गुदमरलेलं झाड महिनाभर टिकतं, वाळलेलं झाड दोन दिवसांत जातं.

माप निवडताना उंचीपेक्षा रुंदी जास्त घ्यावी. रुंद आणि बुटक्या पिशवीत मातीच्या मानाने भिंत कमी असते. चोवीस इंच रुंद, नऊ इंच उंच पिशवीत भिंत तोंडाच्या दीडपटच भरते. पालेभाजीला ती उत्तम. पण फार बुटकी करू नका, कारण तळाचा तो न टपकणारा ओला थर तेवढाच असतो आणि नऊ इंचांत तो जास्त जागा खातो. मिरचीला बारा बाय बारा पुरते, म्हणजे २२ लिटर. टोमॅटो आणि भरताच्या वांग्याला पंधरा बाय पंधरा, ४३ लिटर. याहून लहान पिशवीत वांगं येतं, पण फळ धरायच्या वेळेला रोज दुपारी मान टाकतं.

वजनाचाही विचार करा. पंधरा इंची पिशवी ओली झाली की चाळीस-पंचेचाळीस किलो भरते. भारतीय मानकानुसार वापरातल्या गच्चीवर चौरस मीटरला साधारण १५० किलोचा भार धरलेला असतो. चौरस मीटरमध्ये अशा सहा पिशव्या दाटीवाटीने ठेवल्या की झाले अडीचशे किलो. म्हणून त्या मधोमध न ठेवता भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेवर, विरळ मांडाव्यात. विरळ ठेवण्याचं दुसरं कारण हवेचं: दोन पिशव्या एकमेकींना चिकटल्या की मधल्या भिंतीला वारा लागत नाही, मुळं सुकत नाहीत, ती कापडातून आरपार शेजारच्या पिशवीत घुसतात. तीन बोटं अंतर तरी हवं.

पिशवी स्लॅबवर टेकवू नका. तापलेला स्लॅब खालून शेकतो, पावसाळ्यात तळ गुदमरतो आणि मुळं कापडातून निघून थेट वॉटरप्रूफिंगच्या भेगा शोधतात. चार विटा किंवा लोखंडी स्टँड ठेवून दोन-तीन इंच पोकळी ठेवा. खाली ताटली ठेवायची असेल तर सगळा खटाटोपच व्यर्थ. तळाचा ओला थर कमी करायचा असेल तर एक सोपी युक्ती आहे: भरताना तळातून सुती कापडाची अंगठ्याएवढी रुंद पट्टी बाहेर काढा आणि खाली वीतभर लोंबू द्या. समईची वात जशी तेल ओढते तशी ती तळाचं पाणी ओढून खाली टपकवते.

भरायचं मिश्रण भिंतीइतकंच महत्त्वाचं. कापड कितीही मोकळं असलं तरी आत काळी माती ठासली तर हवा शिरणार कुठून? पंधरा इंची पिशवीला बारा लिटर लाल माती किंवा पोयटा, दहा लिटर चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, बारा लिटर भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चार लिटर कन्हान नदीची जाडी रेती किंवा भाताचा तूस. वर २०० ग्रॅम निंबोळी पेंड. लिटर मोजायला रंगाची रिकामी दहा लिटरची बकेट बरी, घमेल्याचा भरवसा नाही. कोकोपीटची पाच किलोची वीट वीस-पंचवीस लिटर पाणी पिऊन सत्तर लिटरच्या आसपास फुगते. ती दोन-तीनदा धुवून, दाबून पिळून घ्या, नाहीतर तिच्यातलं मीठ कोवळ्या मुळांना भाजतं. शेणखत गरम लागलं किंवा त्याला वास येत असला तर ते अजून कच्चं आहे, महिनाभर थांबा. पिशवीची कड दीड इंच बाहेर दुमडून घ्या म्हणजे ती उभी राहते. काठाखाली दोन इंच जागा सोडून भरा, हाताने ठोकू नका, पाण्याने बसू द्या. दोन महिन्यांत माती तीन इंच खाली जाईल. तेव्हा वरून खत भरायचं, झाड उपटून बसायचं नाही.

पाणी ओतायची घाई कापडी कुंडीला चालत नाही. एकदम ओतलं की ते बाजूच्या भिंतीतून झिरपून जातं आणि मधला भाग कोरडा राहतो. आधी लिटरभर गोल फिरवत घाला, दहा मिनिटं थांबा, मग उरलेलं. उन्हाळ्यात फळावरच्या वांग्याला दिवसाला चार ते सहा लिटर लागतं, सूर्य वर यायच्या आत एकदा आणि दिवेलागणीला एकदा. चार लिटर ताशी सोडणारे दोन ड्रिपर बुंध्याच्या दोन बाजूंना लावले आणि वीस मिनिटं नळ सोडला की अडीच लिटरच्या थोडं वर पडतं. सकाळ-संध्याकाळ एवढं केलं की काम झालं. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की ते पाणी घेत नाही, तेलकट कागदासारखं झटकून टाकतं. अशी पिशवी घमेल्यातल्या चार इंच पाण्यात अर्धा-पाऊण तास उभी करा, माती वरपर्यंत काळपट ओली दिसली की काढा. घमेल्यात ती ठेवायची एवढ्यापुरतीच.

एप्रिलपासून मृगाचा पाऊस येईपर्यंत थोडी सरबराई लागते. वर ५० टक्क्यांची हिरवी नेट. मातीवर दोन-तीन इंच तणस (भाताचा पेंढा) किंवा वाळका पाला. पश्चिमेकडच्या भिंतीला ओलं गोणपाट, पिशवीला चिकटवून नाही, चार बोटं पुढे टांगून. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू व्हायच्या आधीच हे झालेलं बरं. गार राहावं म्हणून पिशवीभोवती प्लॅस्टिक गुंडाळणारेही असतात. त्यांनी सरळ प्लॅस्टिकचीच कुंडी घेतली असती तर पैसे वाचले असते.

काही महिन्यांनी कापडावर बाहेरून पांढरी पुटं दिसतात. भिंतीतून पाणी उडतं, क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी असेल तर ती लवकर येतात आणि पानांच्या कडा करपू लागतात. पिशवीच्या आकाराच्या दुप्पट साधं पाणी हळूहळू सोडून माती धुवून काढायची, म्हणजे २२ लिटरच्या पिशवीला ४४ लिटर. पावसाळा हे काम फुकट करतो. मात्र मातीतलं खतही घेऊन जातो, म्हणून पोळ्याच्या सुमारास मूठ-दोन मूठ गांडूळखत द्यायलाच लागतं. हिरवं शेवाळ आलं तर काळजी नको. मातीला सडक्या अंड्याचा वास आला तर मात्र तळ तुंबला आहे. विटा सरकवून बघा, पिशवी कुठेतरी टेकलेली असते.

संत्र्याचं वेगळं सांगायला हवं, कारण नागपुरात गच्ची असली की मनात संत्रा असतोच. त्याची अन्न ओढणारी मुळं उथळ असतात आणि साचलेलं पाणी त्यांना मुळीच सोसत नाही. डिंक्या रोगाची बुरशी अशाच ओल्या, बंद मातीत माजते. म्हणून हवेशीर पिशवीचा खरा फायदा कुणाला होत असेल तर या झाडाला. रोप जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेलं असतं. डोळा भरलेली, म्हणजे कलम जोडलेली ती गाठ मातीच्या किमान सहा इंच वर राहिली पाहिजे. मातीत गेली की आजार आत शिरला. नर्सरीच्या काळ्या पिशवीतून काढताना मुळांचे वेढे दिसले तर धारदार चाकूने चारही बाजूंनी अर्धा-एक इंच तासून काढा. जीवावर येतं, पण वेढे तसेच ठेवले तर नव्या पिशवीतही मुळं गोलच फिरतील. हे काम पावसाळ्यात करा, मे महिन्यात नाही. पहिली दोन-तीन वर्षं अठरा बाय अठराची, म्हणजे ७५ लिटरची पिशवी. नंतर चोवीस इंच रुंद आणि अठरा इंच उंच, सुमारे १३३ लिटरची, ती मात्र इमारतीच्या खांबाच्या डोक्यावरच.

बहार धरायला काटोल-वरूडकडचे बागाईतदार झाडाला ताण देतात, पाणी तोडतात. काळ्या जमिनीत तो ताण बसायला आठवडे लागतात. हे ऐकून गच्चीवर पाणी तोडणाऱ्यांनी पिशवीची ती चौपट भिंत आठवावी. इथे दिवसांचा मामला आहे. पानं दुपारी वळली आणि रात्रीतून पुन्हा सरळ झाली तर ताण बसतोय. सकाळी सहा वाजताही वळलेलीच दिसली, तर तेव्हाच पाणी द्या, अर्धी बकेट, दहा मिनिटं थांबून पुन्हा अर्धी.